पाऊस एका खात्याचा, नदी दुसऱ्या खात्याची

लखनौ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात इमामबाडा, चिकनकारी आणि 'पहले आप' ही अदब येते. तेलीबाग हे नाव मात्र लखनौबाहेर फारसे कोणी ऐकलेले नसते. छावणीचा भाग मागे टाकून रायबरेली रस्त्याने संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेकडे निघाले की ही गजबजलेली वस्ती लागते. शारदा कालव्याचे पाणी जवळूनच वाहते. बदलीच्या निमित्ताने या भागात बिऱ्हाड थाटले, तेव्हा शेजारच्या उतरठिया येथील एका इमारतीच्या नावाने माझे लक्ष वेधले. ते नाव होते 'वाल्मी भवन'. मराठवाड्यातील वाचकांना हे नाव घरचे वाटेल. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे १९८० साली स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था याच नावाने ओळखली जाते. लखनौच्या या वास्तूत उत्तर प्रदेशच्या जलसंपदेची आकडेवारी गोळा करणारी व तिचे विश्लेषण करणारी शासकीय यंत्रणा आहे.

पाण्याच्या आकडेवारीसाठी स्वतंत्र कार्यालय कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो उलगडू लागल्यावर ध्यानात आले की, पुराचा अंदाज हे एका खात्याचे काम नाही. पाऊस एका खात्याचा, नदी दुसऱ्याची, दरवाजे तिसऱ्याचे आणि माणसे चौथ्याची. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, मोजमाप वेगळे. पूर मात्र एकच असतो, आणि तो या सर्वांची टिपणे एकत्र येईपर्यंत थांबत नाही. पूर्वसूचनेचे तास मिळतात किंवा वाया जातात, ते एका खात्याने दुसऱ्याच्या हाती माहिती सोपविण्याच्या त्या जागी.

कोण काय मोजते

भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. या विभागाने मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांसाठी पूर-हवामान कार्यालये स्थापन केली, त्यांपैकी एक लखनौस आहे. अमौसी विमानतळाच्या परिसरात विभागाचे केंद्र असून ढगांतील पाण्याचा वेध घेणारे डॉप्लर रडारही लखनौत आहे. पूर-हवामान कार्यालय 'उद्या पाऊस पडेल' एवढे सांगून थांबत नाही. खोऱ्याचे लहान लहान उपखोऱ्यांत भाग पाडून प्रत्येकावर सरासरी किती मिलिमीटर पाऊस अपेक्षित आहे, ते ते सांगते : १० पर्यंत, ११ ते २५, २६ ते ५०, ५१ ते १००, की १०० च्याही वर. नदीच्या दृष्टीने हाच आकडा महत्त्वाचा. एखाद्या गावी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि उरलेले खोरे कोरडे राहिले, तर मोठ्या नदीला त्याचे विशेष काही वाटत नाही. तीन दिवस सर्वदूर मध्यम पाऊस झाला, तर मात्र ती काठ सोडते.

नदीचे काम केंद्रीय जल आयोगाचे. देशातील पूर-अंदाजाचा आरंभ या आयोगाने १९५८ साली दिल्लीत यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापासून केला. आज आयोगाची अशी केंद्रे सव्वातीनशेहून अधिक आहेत. त्यांतील काही नदीची पातळी सांगतात, तर काही धरणात किती पाणी येणार ते सांगतात. आयोगाच्या ऊर्ध्व गंगा खोऱ्याचे कार्यालय लखनौस आहे. पावसाळ्यात पुलाच्या खांबावरील किंवा घाटालगतच्या रंगविलेल्या पट्टीवर पाणी कोठवर आले, याची नोंद तासातासाला होते. पूर्वी ती बिनतारी यंत्रावरून पुढे जात असे. आता अनेक ठिकाणी स्वयंचलित यंत्रे उपग्रहामार्फत ती पाठवितात.

या आकड्यांवरून अंदाज कसा बांधतात, ते समजण्यास बँकेतील माणसाला फारसा त्रास पडू नये. वरच्या केंद्रावर पाणी अमुक इतके चढले की खालच्या केंद्रावर किती तासांनी किती चढते, याचा वर्षानुवर्षांचा ताळा आयोगाकडे असतो. वरच्या शाखेतून निघालेली रक्कम खालच्या शाखेत केव्हा जमा होईल, वाटेत तिच्यात आणखी कोणत्या ओढ्यानाल्यांची भर पडेल आणि पसरट पात्रात किती वजावट होईल, असा तो हिशेब. पाऊस जमिनीवर पडून नदीत येईपर्यंतचे गणित आता संगणकावर मांडले जाते. त्यामुळे पूर्वीच्या एका दिवसाच्या अंदाजापुढे सात दिवसांपर्यंतचा सल्लावजा अंदाजही देता येतो. पातळीचा अंदाज प्रत्यक्ष पाण्याच्या १५ सेंटिमीटर इकडे-तिकडे आला तरच तो बरोबर धरला जातो. ही फूट वीतभरही नाही. आपल्या अंदाजपत्रकांना इतकी कडक कसोटी कोणी लावीत नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

घागरेचे पाणी

लखनौची स्वतःची नदी गोमती. पिलिभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तलावातून ती उगम पावते. हिमालयाचे बर्फ तिच्या वाट्याला येत नाही; पाऊस आणि भूजल यांवरच ती जगते. तिची ही संथ, नबाबी चाल फसवी आहे. १९६० च्या ऑक्टोबरात तिने लखनौ शहर बुडविले आणि त्यानंतर तिच्या काठांना बांध घालण्यात आले. तरीही उत्तर प्रदेशातील पूर-अंदाज करणाऱ्यांची झोप उडविणारी नदी गोमती नव्हे, तर पूर्वेकडून वाहणारी घागरा.

नेपाळात तिला कर्णाली म्हणतात. डोंगरातून ती चिसापानी येथे मैदानात उतरते, भारतात आल्यावर गिरिजा बॅरेजवरून पुढे जाते, शारदा तिला येऊन मिळते आणि बाराबंकी जिल्ह्यातील एल्गिन पुलाखालून ती अयोध्येकडे वळते. तेथे तिचे नाव शरयू होते. एल्गिन पुलाजवळची धोक्याची पातळी १०६.०७ मीटर, अयोध्येची ९२.७३ मीटर. हे आकडे प्रथम वाचणारा दचकतो, कारण शंभर मीटर खोल पाणी त्याच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. तज्ज्ञांना ती सोयीची आहे, कारण दोन केंद्रांमधील उतार एका वजाबाकीत कळतो. काठावरच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार की नाही, एवढेच हवे असते. १०६.०७ चा उंबरा कोणाच्याही गोठ्याला नसतो.

पुराच्या दिवसांत येथील वृत्तपत्रांत ठळक अक्षरांत एक मथळा हमखास येतो : 'नेपाळने पाणी सोडले.' त्यासोबत बॅरेजमधून तीन-चार लाख क्यूसेक विसर्ग सुरू असल्याचा आकडा असतो. या विधानाची थोडी तपासणी करणे अगत्याचे आहे. कर्णालीवर नेपाळात पाणी साठविणारे मोठे धरणच नाही. चिसापानीच्या धरणाची चर्चा अनेक दशके होत आली असली तरी ते बांधले गेलेले नाही. भारताच्या बाजूस गिरिजा येथे आहे ते बॅरेज. पाण्याची पातळी थोडी उंचावून ते कालव्याकडे वळविणे हे त्याचे काम. पूर पोटात साठवून ठेवणे त्याला शक्य नाही. पूर आला की त्याचे दरवाजे वर उचलावेच लागतात, आणि जेवढे पाणी वरून येते तेवढेच खाली जाते. थोडक्यात, हे पाणी कोणी सोडलेले नसते, ते पडलेले असते.

हा शब्दांचा कीस नव्हे. पाणी 'सोडले' म्हटले की दोष देण्यास कोणीतरी सापडतो आणि चर्चा तेथेच संपते. ते 'पडले' म्हटले की पुढचा प्रश्न उभा राहतो : नेपाळच्या डोंगरात ते पडले, तेव्हा लखनौस केव्हा कळले? यासाठी दोन्ही देशांमध्ये व्यवस्था आहे. नेपाळमधील पर्जन्यमापन व नदीमापन केंद्रांची माहिती भारताला मिळते आणि तिच्या आधारे सीमेलगतच्या नद्यांचा अंदाज बांधला जातो. चिसापानीचा आकडा वेळेत हाती आला, तर एल्गिन पुलाच्या अंदाजाला मोलाचे तास मिळतात. तो उशिरा आला, तर बॅरेजवरच्या आकड्यापासून आरंभ करावा लागतो आणि मधले तास हातचे जातात. राप्तीसारख्या नद्यांवर अंतर आणखी कमी असते. जुलै २०२४ मध्ये श्रावस्ती, पिलिभीत, लखीमपूर या तराईच्या जिल्ह्यांनी अशीच धावपळ अनुभवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर, पाऊस संपला असे समजून शेतकरी भातकापणीच्या तयारीत असताना, बलरामपूर व सिद्धार्थनगरकडे पूर आला.

क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक लाख क्यूसेक विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. अर्थात एक लाख क्यूसेकने भरावयाचे झाल्यास रिकामी कोयना सुमारे बारा दिवसांत भरेल. चार लाखांनी तीनच दिवसांत. घागरेचे आकडे वाचताना मी हा त्रैराशिकाचा हिशेब मनाशी ठेवतो.

सांगलीचा पूल आणि धरणाचा दरवाजा

एल्गिन पुलास एका व्हाइसरॉयचे नाव, तसेच सांगलीच्या आयर्विन पुलास दुसऱ्याचे. १९२९ साली खुला झालेला हा पूल कृष्णाकाठच्या लोकांचा पूरमापक आहे. तेथे मीटर नाहीत, समुद्रसपाटी नाही; फूट आहेत. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. सांगली-कोल्हापूरच्या शाळकरी मुलासही ते पाठ असतात आणि किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येते, हे घरोघरी ठाऊक असते. माझ्या मते या अंगाने सांगली लखनौच्या पुढे आहे. तेथे आकडा आणि उंबरा यांची सांगड लोकांनीच घालून ठेवली आहे.

पण हीच तोंडपाठ ओळख ऑगस्ट २०१९ मध्ये अपुरी ठरली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपार गेले. २००५ च्या महापुरात ते जेथवर आले होते, तेथपासून आपले घर सुरक्षित आहे, या भरवशावर राहिलेले लोक अडकले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कृष्णा-पंचगंगेला पुन्हा महापूर आला.

घागरा आणि कृष्णा यांत एक मूलभूत फरक आहे. घागरेवर बॅरेज आहे, कृष्णेच्या खोऱ्यात कोयना, वारणा, राधानगरी यांसारखी साठवणारी धरणे आहेत. येथे पाणी खरोखरच 'सोडले' जाते, म्हणून येथे निर्णय घ्यावा लागतो आणि तो कठीण असतो. समजा, ऑगस्टचा पहिला आठवडा आहे, धरण जवळजवळ भरले आहे आणि हवामान विभाग चार दिवसांनी अतिवृष्टीचा अंदाज देत आहे. आजच पाणी सोडून जागा केली, तर येणारा लोंढा धरण पोटात घेईल आणि सांगलीवरचे संकट टळेल वा सौम्य होईल. पण अंदाज चुकला, पाऊस दुसऱ्याच खोऱ्यात कोसळला, तर सोडलेले पाणी गेले ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी, उसाचे पाणी आणि वीज यांचा जाब त्याच अभियंत्याला विचारला जाईल. पुराचा दोष पावसावर घालता येतो. रिकाम्या धरणाचा दोष सही करणाऱ्यावर येतो. मग दरवाजे उघडण्यास उशीर होतो, यात नवल ते कोणते? रोखतेचे प्रमाण सांभाळताना हाती पैसा निष्क्रिय ठेवावा की कर्जाऊ द्यावा, ही ओढाताण आपल्या व्यवसायात नित्याची आहे. पण तेथे चूक झाल्यास व्याज बुडते, येथे गाव बुडते.

या पेचातून सुटण्यासाठी पावसाचा अंदाज, धरणातील साठा आणि खालच्या पुलावरील पातळी हे तीनही आकडे एकाच वेळी एकाच पडद्यावर दिसणे आवश्यक असते. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाद्वारे कृष्णा व भीमा खोऱ्यांत अशी तत्काळ माहिती गोळा करणारी यंत्रणा उभारली. मुंबईसाठी २६ जुलै २००५ चा धडा होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यास केवळ ७३. एकाच शहरात इतकी तफावत असेल तर एका वेधशाळेच्या आकड्यावर शहराचा पूर कसा सांगणार? जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी मिळून मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. तिच्यात पावसाबरोबर भरती, नद्या-नाले आणि सखल भाग यांचाही विचार होतो.

इंग्लंडमध्ये २००७ च्या उन्हाळ्यातील महापुरानंतर सर मायकेल पिट यांच्या चौकशी अहवालाने हीच उणीव दाखविली. हवामान पाहणारे 'मेट ऑफिस' आणि नद्या पाहणारी 'एन्व्हायर्न्मेंट एजन्सी' हे दोघे आपापल्या जागी सक्षम होते, परंतु त्यांची भाषा एक नव्हती. २००९ मध्ये दोहोंचे तज्ज्ञ एका छताखाली बसवून संयुक्त पूर-अंदाज केंद्र स्थापन करण्यात आले. आपल्याकडे छत एक नाही. लखनौचेच पाहा : हवामान विभाग अमौसीला, जल आयोग शहरात अन्यत्र, राज्याचे सिंचन खाते आणि त्याचे पूर व्यवस्थापन माहिती केंद्र आणखी वेगळे, पुराने किती जमीन व्यापली ते उपग्रहचित्रांवरून पाहणारे दूरसंवेदन केंद्र जानकीपुरमला, आणि लोकांना हलविणारा मदत आयुक्त शासनाच्या कार्यालयात. आता माहिती तारेवरून क्षणात जाते, त्यामुळे एका इमारतीचा आग्रह पूर्वीइतका महत्त्वाचा राहिलेला नाही, हे खरे. एका भाषेचा मात्र आहे.

नारिंगी म्हणजे काय?

याचे उदाहरण रंगांचे. हवामान विभाग पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे देतो. जल आयोगही पुरासाठी पिवळा, नारिंगी व लाल हेच रंग वापरतो. पण अर्थ निराळे. हवामान विभागाचा नारिंगी रंग सांगतो की मोठा पाऊस येण्याचा संभव आहे, सज्ज राहा. जल आयोगाचा नारिंगी रंग सांगतो की नदी धोक्याच्या पातळीवर पोहोचली आहे वा तिच्याही वर आहे. पहिल्या नारिंगीत घरातले सामान माळ्यावर चढविण्यास वेळ असतो, दुसऱ्यात तो बहुधा संपलेला असतो. आयोगाचा लाल रंग तर आजवरची सर्वोच्च नोंद गाठल्याचा वा ओलांडल्याचा. भ्रमणध्वनीवर रंगीत चौकोन पाहणाऱ्या सामान्य माणसाने तो कोणत्या खात्याचा, हे कसे ओळखावे? म्हणून ग्राहकांना सुचवावेसे वाटते की, रंगाबरोबर तो पाऊस सांगतो की नदी, हे आधी वाचावे. नदीच्या बाबतीत पातळीखालोखाल पाहावा तो कल : वाढती, स्थिर की उतरती. धोक्याच्या वर असूनही उतरणारी नदी आणि धोक्याच्या दोन फूट खाली असूनही तासाला वाढणारी नदी, यांत दुसरीचे भय अधिक.

हवामान विभागाचे 'मौसम', जल आयोगाचे २०२३ मध्ये आलेले 'फ्लडवॉच इंडिया' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ही ॲप विनामूल्य आहेत. राज्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७० आणि जिल्ह्याच्या कक्षासाठी १०७७ हे क्रमांक महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशातही चालतात.

आपल्या शाखांचाही या अंदाजांशी थेट संबंध येतो. नदीकाठच्या शाखेत तळमजल्यावरील दस्तऐवज, कर्जखात्यांचे करारनामे, विजेवर चालणारी संचयसामग्री आणि एटीएममधील रोकड यांचे काय करावयाचे, याचा निर्णय पाणी दारात आल्यावर घेता येत नाही. नदीने इशारा पातळी गाठल्याचे कळताच तो घ्यावा लागतो. पूर ओसरल्यावर राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते आणि बाधित भागातील कर्जांच्या सवलतींचा विचार सुरू होतो. तेथे जल आयोगाचे पातळीचे आकडे आणि उपग्रहाने टिपलेला जलमय क्षेत्राचा नकाशा कामी येतो. २०२२ मध्ये सोडलेल्या ईओएस-०४ या भारतीय उपग्रहाचे रडार ढगांतूनही जमीन पाहू शकते, आणि पुराच्या दिवसांत आकाश ढगाळच असते. ग्राहकांनी मात्र जमिनीचे उतारे, विमापत्र, पासबुक आणि ओळखपत्रे यांच्या प्रती पावसाळ्यापूर्वीच काढून एका जलरोधक पिशवीत ठेवाव्यात. मूळ दस्तऐवज लॉकरमध्ये असल्यास लॉकर कोणत्या मजल्यावर आहे, हे शाखेत एकदा विचारून घेण्यास काहीच हरकत नाही.

 आपल्याकडे घटस्थापनेचे वेध लागलेले असतात, तेव्हाही एल्गिन पुलाच्या पट्टीवरील पातळी वहीत उतरविण्याचे काम तासातासाला चालूच असते.